म्हातारा उंदीर कोणी पाहिला आहे?

मालाडच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या मुलांपुढे ग्रंथी आणि संप्रेरके या विषयावर बोलण्याचा योग आला होता. बोलणे संपल्यावर नववीतील एक मुलगी उठली. तिच्या वडिलांचे सोमवार बाजाराजवळ धान्याचे दुकान. ती म्हणाली, "सर, आमच्या दुकानात सापळ्यात दर आठवड्याला दोन-तीन तरी उंदीर सापडतात. पिल्ले असतात, मोठे असतात. पण म्हातारा उंदीर मी अजून पाहिला नाही. उंदीर म्हातारे होतच नाहीत का?"

वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपण मराठीत लहान-मोठ्या सगळ्यांनाच उंदीर म्हणतो, पण इथे बोलायचे आहे ते तळहातावर मावणाऱ्या, राखी अंगाच्या, घरात आणि दुकानात राहणाऱ्या छोट्या उंदराबद्दल. गोण्यांच्या फटीतून हिंडणाऱ्या या प्राण्याच्या मागे मांजर आहे, घुबड आहे, सापळा आहे, विष आहे, रोग आहे आणि उपासमारही आहे. या सगळ्यांतून वाचून त्याने एक वर्ष पुरे केले तर ते नवलच. म्हणजे त्या मुलीचे निरीक्षण अगदी बरोबर होते. मोकळा उंदीर म्हातारा होण्याआधीच मरतो.

हाच प्राणी पिंजऱ्यात ठेवून त्याला वेळेवर दाणापाणी दिले, थंडी-उन्हापासून आणि रोगांपासून जपले, की तो दोन-अडीच वर्षे जगतो. प्रयोगशाळेतला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा उंदीर पाहिलात तर तो दुकानातल्या राखी उंदराचा सख्खा भाऊबंद आहे हे पटणार नाही, पण जात तीच. त्याचे अठरा महिने झाले की आपल्याकडच्या पन्नाशी उलटलेल्या माणसाशी त्याची तुलना करता येते. उंदराचे म्हातारपण ही अशी माणसाने पिंजऱ्यात घडवून आणलेली गोष्ट आहे. आणि एकदा ते घडवून आणल्यावर माणसाला त्यात असे काही दिसू लागले, की ज्याची दुकानातल्या उंदरावरून कधी कल्पनाही आली नसती.

मालाडहून चर्चगेटकडे जाणारी धीमी गाडी पकडून प्रभादेवीला उतरले, की थोड्या अंतरावर परळचे टाटा स्मारक रुग्णालय लागते. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यात एक दालन उंदरांचे होते, आणि त्या उंदरांशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत आपल्या देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

त्यांचा मुख्य विषय स्तनांचा कर्करोग. तो काही उंदरांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या का होतो आणि काही घराण्यांत का होत नाही, यात आनुवंशिकतेचा भाग किती, संप्रेरकांचा किती आणि विषाणूचा किती, हे त्या शोधत होत्या. यासाठी उंदीर 'शुद्ध' असावे लागतात. सख्ख्या भाऊ-बहिणींचा संकर सलग वीस पिढ्या करत गेले, की एका घराण्यातील सगळे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी असे पहिले घराणे तयार करण्यास १९०९ साली सुरुवात केली. परळच्या संस्थेनेही स्वतःचे एक घराणे तयार केले. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते 'आयसीआरसी उंदीर' म्हणून जगभरच्या शास्त्रीय नियतकालिकांत ओळखले जाते. वीस पिढ्या म्हणजे निदान पाच-सहा वर्षे. तेवढा काळ प्रत्येक पिंजऱ्यावर चिठ्ठी हवी: आई कोण, बाप कोण, जन्मतारीख कोणती. एक चिठ्ठी चुकली की सगळे मुसळ केरात. (परळची ही संस्था २००२ साली खारघरला गेली. विद्यार्थ्यांना इतिहासात शास्त्रज्ञांचे शोध सांगतात, चिठ्ठ्या लिहिणारे हात मात्र कोणी सांगत नाही.)

आता स्तनांच्या कर्करोगाचा आणि आपल्या विषयाचा संबंध कसा आला ते पाहू. मादीच्या बीजांडकोशातून निघणारी संप्रेरके या कर्करोगाला पोषक ठरतात, हे तोवर समजले होते. म्हणून १९३९ साली लिटल यांच्याच प्रयोगशाळेत वूली, फेकेटे आणि लिटल यांनी एका घराण्याच्या नवजात माद्यांचे बीजांडकोश काढून टाकले. संप्रेरकच नाही तर कर्करोग कुठून होणार? पण तो झाला. शोध घेता असे दिसले, की या उंदरांच्या मूत्रपिंडांजवळच्या दोन इवल्याशा ग्रंथी वयाबरोबर गाठाळ झाल्या होत्या आणि बीजांडकोशाचे काम त्यांनीच अंगावर घेतले होते. १९४५ साली वूली आणि लिटल यांनी दुसऱ्या एका घराण्यात तर या ग्रंथींचाच कर्करोग झालेला दाखवला. मोहरीच्या दाण्याएवढ्या त्या ग्रंथीकडे संशोधकांचे लक्ष वळले ते असे.

वृक्क म्हणजे मूत्रपिंड. त्याच्या वरच्या अंगाला असते ती अधिवृक्क ग्रंथी. इटलीच्या युस्टॅशियो यांनी सोळाव्या शतकातच माणसातील या ग्रंथींचे वर्णन केले, पण त्यांचे काम काय हे पुढची तीनशे वर्षे कोणालाच सांगता आले नाही. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली काही रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची शक्ती गेली होती, कातडी काळवंडली होती आणि मृत्यूनंतर तपासले तेव्हा अधिवृक्क ग्रंथी नासलेल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. ते प्राणी मेले. माणसात एकेका ग्रंथीचे वजन चार-पाच ग्रॅम, उंदरात अवघे काही मिलिग्रॅम. पण तिच्यावाचून जगता येत नाही.

ग्रंथी मधोमध कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर ती आंब्याच्या फोडीसारखी दिसते. सालीच्या जागी पातळ आवरण, गराच्या जागी बाह्यक, कोयीच्या जागी मध्यक. मध्यकातून ॲड्रेनलिन निघते. कुत्रा अंगावर आला की छातीत धडधडते ते त्याच्यामुळे. बाह्यकाच्या बाहेरच्या पट्ट्यातून शरीरातील मीठ सांभाळणारे संप्रेरक निघते, आणि आतल्या रुंद पट्ट्यातून उपास, आजार, भीती अशा प्रसंगी शरीराला सावरणारे संप्रेरक. माणसात ते कॉर्टिसॉल, उंदरात त्याचे भावंड कॉर्टिकोस्टेरोन.

बाह्यकाची गंमत अशी, की ते सतत नवे होत असते. नव्या पेशी आवरणाच्या लगत जन्मतात, हळूहळू आत सरकत जातात, सरकताना आपले काम बदलतात आणि शेवटी मध्यकाच्या वेशीवर येऊन मरतात. विरारहून निघालेली गाडी स्टेशने घेत घेत चर्चगेटला येऊन रिकामी व्हावी, तसे हे. फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी २०१९ साली या प्रवासाचा वेग मोजला आणि त्यांना मोठा फरक आढळला: मादी उंदरात हे नूतनीकरण नराच्या सुमारे तिप्पट वेगाने होते. नराच्या अंगातील पुरुषसंप्रेरके त्याला लगाम घालतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामास येणार आहे.

आता मरणाऱ्या पेशींचे काय होते? चर्चगेटला रिकामी झालेली गाडी परत जाते. इथे मात्र प्रेते वेशीवर पडतात, ती कोणीतरी उचललीच पाहिजेत. ते काम महाभक्षी पेशींचे. या आपल्या प्रतिकारसंस्थेच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या घराण्यातल्या. जंतू दिसला की त्याला गिळायचे, मेलेली पेशी दिसली की तिलाही गिळायचे, असा त्यांचा खाक्या.

त्यांची ओळख जगाला करून दिली ती रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता! या शोधाबद्दल १९०८ साली त्यांना एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईकरांना त्यांच्या एका शिष्याचे नाव अधिक परिचित आहे: वाल्डेमार हाफकिन. ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉव्ह यांच्याकडे शिकलेल्या याच हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

पण मेचनिकॉव्ह पुढे म्हातारपणाचा विचार करू लागले, तेव्हा याच भक्षक पेशींबद्दल त्यांचे मत फिरले. तरुणपणी रक्षण करणाऱ्या या पेशी उतारवयात फिरतात आणि धन्याच्याच चांगल्या पेशी खाऊ लागतात, असे ते म्हणू लागले. केस पांढरे होतात तेही या पेशी केसांतला रंग खाऊन टाकतात म्हणून, अशी त्यांची कल्पना. केसांच्या बाबतीत ते चुकले. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न शंभर वर्षे तसाच राहिला: म्हाताऱ्या अवयवात या खादाड पेशींची गर्दी दिसते, ती रखवालदारांची की लुटारूंची?

म्हाताऱ्या उंदराची अधिवृक्क ग्रंथी हा प्रश्न विचारायला चांगली जागा आहे, कारण तिथे ही गर्दी नुसत्या नजरेलाही चुकत नाही. दीड-दोन वर्षांच्या उंदराच्या ग्रंथीचा पातळ काप घेतला तर आवरणाखाली बारीक, लांबट पेशींचे थर साचलेले दिसतात. तरुण ग्रंथीतली नेटकी पट्टी तिथे विस्कटलेली असते. आणि बाह्यक-मध्यकाच्या वेशीवर तपकिरी रंगाच्या फुगलेल्या पेशी दिसतात. काही तर अनेक पेशी एकमेकींत मिसळून झालेल्या, पाच-सहा केंद्रके असलेल्या. या दोन्ही खुणा माद्यांत अधिक आढळतात. घराण्यागणिकही फरक पडतो, म्हणून पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीशिवाय असल्या कापाला काही अर्थ नसतो. (उंदराच्या ग्रंथीत वेशीजवळ आणखी एक पट्टा असतो. तो नरात वयात येताना आणि मादीत पहिल्या गरोदरपणी नाहीसा होतो. १९२७ साली एव्हलिन हॉवर्ड यांनी त्याचे वर्णन केले. त्याचे काम न कळल्यामुळे त्याला 'एक्स' पट्टा हे नाव पडले आणि तेच टिकले.)

नुसते काप पाहून मात्र रखवालदार की लुटारू हे ठरत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो, आणि तो प्रयोग गेल्या काही वर्षांत झाला.

पेशी सतत वाढत राहू नये म्हणून तिच्यात अनेक लगाम असतात. त्यांपैकी एका लगामाचे जनुक झेडएनआरएफ-३ या नावाने ओळखले जाते. माणसाच्या अधिवृक्क बाह्यकाच्या कर्करोगात हेच जनुक वारंवार बिघडलेले सापडते. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील संशोधकांनी उंदरांच्या फक्त बाह्यकातून हे जनुक काढून टाकले. अपेक्षेप्रमाणे नर आणि मादी दोघांतही ग्रंथी फुगल्या. मग मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नरांत फुगलेली ग्रंथी पुन्हा आक्रसली. माद्यांत ती वाढत राहिली आणि अठरा महिन्यांच्या वयात तिचा दुसऱ्या अवयवांत पसरणारा कर्करोग झाला. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

असे का? नरांच्या ग्रंथीत काय चालले होते ते क्रमाने पाहिल्यावर उलगडा झाला. बेसुमार वाढलेल्या पेशी एका टप्प्यावर 'वृद्ध' झाल्या. पेशीशास्त्रात वृद्ध पेशी म्हणजे मेलेली नव्हे. ती जिवंत असते, पण तिचे विभाजन कायमचे थांबलेले असते. माणसाच्या पेशी ठरावीक वेळा विभागून अशा थांबतात हे हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले होते. अशी पेशी गप्प मात्र बसत नाही. ती आजूबाजूला रासायनिक संदेश सोडत राहते. ते संदेश ऐकून नरांच्या ग्रंथीत महाभक्षी पेशी लवकर आणि मोठ्या संख्येने आल्या आणि त्यांनी वृद्ध पेशी गिळून जागा साफ केली. माद्यांत त्या उशिरा आल्या, थोड्या आल्या, आणि तोवर ज्या पेशी निसटायच्या त्या निसटल्या. हा फरक पुरुषसंप्रेरकांवर अवलंबून होता. मघाशी नूतनीकरणाला लगाम घालताना दिसली ती हीच.

एका गटाने पाहिले म्हणजे ते खरेच असे नाही. पण अमेरिकेतील युटा विद्यापीठात केटलिन बाशम यांच्या गटाने याच जनुकावर स्वतंत्रपणे काम केले होते. त्यांचा निबंध २०२३ साली आला आणि सूर तोच निघाला: नरांत वृद्ध पेशी लवकर तयार होतात, प्रतिकारपेशी अधिक जमतात, कर्करोग कमी होतो, माद्यांत प्रतिसाद मंद आणि धोका अधिक. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. कर्करोग पुढे सरकत जातो तशा जमलेल्या प्रतिकारपेशी ओसरत जातात. मेचनिकॉव्ह यांच्या प्रश्नाला निदान या एका ग्रंथीपुरते उत्तर मिळाले: गर्दी रखवालदारांची होती, आणि घात झाला तो ती पांगल्यावर.

इथे जरा सावध व्हायला हवे. प्रयोगातले उंदीर मुद्दाम जनुक काढलेले होते. प्रत्येक म्हाताऱ्या उंदराचे असेच होते असे नव्हे. शिवाय उंदराची अधिवृक्क ग्रंथी म्हणजे माणसाच्या ग्रंथीची हुबेहूब लहान प्रत नाही. माणसाच्या बाह्यकात सर्वांत आत एक तिसरा पट्टा असतो. तो डीएचईए नावाचे संप्रेरक विशीत भरपूर तयार करतो आणि वय वाढते तसे ते घटत जाते. प्रौढ उंदराची ग्रंथी ते बनवतच नाही. उंदरात पाहिलेले माणसाला जसेच्या तसे लावणारी बातमी वाचली, की हा पट्टा आठवावा.

तरीही दोन गोष्टी जुळतात. अधिवृक्क बाह्यकाचा कर्करोग फार विरळा आहे, दहा लाख लोकसंख्येत वर्षाला एक-दोन रोगी. पण तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होतो. आणि दोन्ही गटांनी रोग्यांच्या गाठींची नोंदलेली माहिती तपासली, तेव्हा ज्यांच्या गाठीत या भक्षक कुळातील पेशींच्या खुणा अधिक, ते रोगी अधिक जगले असे दिसले. औषधाने या पेशींना वेळेवर बोलावता येईल का, हा आता या संशोधनापुढचा प्रश्न आहे. दुसरी वाट वृद्ध पेशीच औषधाने मारण्याची. त्यात अडचण अशी, की वाढ थांबवून सुरुवातीला बचाव करते तीही वृद्ध पेशीच. तिला फार लवकर मारले तर लगाम जाईल, फार उशिरा मारले तर उपयोग नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मादीचे ऋतुचक्र प्रयोगात घोटाळा करते या सबबीवर कितीतरी वर्षे बहुतेक प्रयोगशाळा केवळ नर उंदीर वापरत. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थांनी नर आणि मादी दोघांचा विचार करण्याची अट २०१६ साली घातली. आपण पाहिलेला प्रयोग केवळ नरांवर झाला असता, तर 'जनुक काढले, ग्रंथी फुगली, बरी झाली' असा निष्कर्ष निघून फाईल बंद झाली असती. परळला कमल रणदिवे यांच्या कामात हा धोका नव्हता; त्यांचा रोगच माद्यांचा होता. स्त्री शास्त्रज्ञांची संघटना उभारण्यातही त्याच पुढे होत्या, १९७३ साली. असो.

मालाडच्या त्या मुलीला मी यातले थोडेसेच सांगू शकलो, कारण तास संपत आला होता. पण ती खाली बसली नाही. तिने विचारले, "मग सफाई करणाऱ्या पेशीच म्हाताऱ्या झाल्या तर?"

वेशीवरच्या तपकिरी पेशी आठवतात? तो तपकिरी रंग म्हणजे पचू न शकलेला कचरा. मेलेल्या पेशींच्या स्निग्ध भागाचे असे काही अवशेष उरतात, की ते कोणत्याच पाचकरसाने विरघळत नाहीत. त्या फुगलेल्या पेशींपैकी बऱ्याच म्हणजे हाच कचरा गिळून बसलेल्या महाभक्षी पेशी. आयुष्यभर वेस झाडली, आता पोट भरले आहे, गिळलेले पचत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. अशा दोन-चार जणी एकमेकींत मिसळतात आणि तिथेच राहतात. त्यांच्या आजूबाजूला नव्या पेशी येऊन मरतच असतात.